स्थिर संकेतस्थळाची मार्गसूची : पार्से गावाच्या निमित्ताने

ग्रंथाला अनुक्रमणिका असावी हे आता कोणास सांगावे लागत नाही. परंतु अनुक्रमणिका हे ग्रंथाचे अंग आहे, अलंकार नव्हे, ही जाणीव आपल्याकडे फार जुनी आहे असे म्हणता येणार नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी मुद्रित ग्रंथांची सूची सिद्ध केली, तेव्हा तिच्यामुळे एकही नवे पुस्तक जन्मास आले नाही. पण असलेली पुस्तके अभ्यासकाला सापडू लागली. जे सापडत नाही ते नसल्यासारखेच असते. हाच न्याय आता संकेतस्थळांना लागू पडतो. गावोगावची वाचनालये, शाळा व देवस्थाने आपापली संकेतस्थळे उभारू लागली आहेत. त्यांतील मजकूर पुष्कळदा मोलाचा असतो. मात्र त्या मजकुराकडे नेणारी जी सूची पानाच्या माथ्यावर वा कडेला असते, जिला सर्रास ‘मेनू’ म्हणतात, तिचा विचार बहुधा सर्वांत शेवटी आणि सर्वांत घाईने केलेला असतो. प्रस्तुत लेखात तिला ‘मार्गसूची’ म्हटले आहे. उपाहारगृहातील पदार्थांच्या यादीशी तिचा घोटाळा होऊ नये, एवढाच त्यातील हेतू.

विवेचन अधांतरी राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांसमोर ठेवू. पेडणे तालुक्यातील पार्से हे ते गाव. या गावातील एखाद्या शाळेने अथवा वाचनालयाने गावाची माहिती, ग्रंथसंग्रहाची यादी, जुने कागद, दशावतारी खेळांची छायाचित्रे व शाळेचे वार्षिक अंक एकत्र करून संकेतस्थळ करावयाचे ठरविले आहे, असे कल्पू. काम करणारा एखादा शिक्षक. त्याच्या हाताशी एक संगणक व दोन उत्साही विद्यार्थी. द्रव्यबळ जवळजवळ नाही. अशा ठिकाणी ‘स्थिर’ संकेतस्थळ हाच शहाणपणाचा मार्ग होय.

स्थिर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. काही संकेतस्थळांत वाचकाने मागणी केली की दूरस्थ संगणक माहितीच्या कोठारातून मजकूर काढतो, पान त्या क्षणी जुळवितो आणि मग धाडतो. त्यासाठी ते कोठार व ती जुळणी करणारी यंत्रणा सतत जागती ठेवावी लागते, तिची डागडुजी करावी लागते. स्थिर संकेतस्थळात पाने आधीच लिहून ठेवलेली असतात. मागणी येताच लिहिलेले पान जसेच्या तसे दिले जाते. छापील पुस्तकाशी याचे साम्य उघड आहे. खर्च अत्यल्प, बिघडण्यासारखे फारसे काही नाही, आणि सारे संकेतस्थळ एका पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या संगणकावर उघडता येते. पाने करणारा शिक्षक बदली होऊन गेला तरी पाने तशीच उभी राहतात.

१९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत जे पहिले संकेतस्थळ उभे केले तेही असेच स्थिर होते. त्याच्या पहिल्या पानावर दोनचार ओळींची प्रस्तावना आणि खाली दुव्यांची साधी यादी होती : कोठे काय आहे, साहाय्य, तांत्रिक तपशील, ग्रंथसूची, माणसे, इतिहास. चित्र नाही, रंग नाही. २०१३ साली सर्नने ते पान त्याच्या मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवले, आणि ते आजच्या साधनांवरही सुरळीत उघडते. तीस वर्षांपूर्वीची किती गुंतागुंतीची संकेतस्थळे आज अशी उघडतील, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आता मुख्य प्रश्न. मार्गसूचीत कोणती नावे घालावीत?

सर्वसाधारण अनुभव असा की संस्था आपल्या कारभाराची विभागणी मार्गसूचीत उतरविते. ‘आमच्याविषयी’, ‘कार्यकारिणी’, ‘उपक्रम’, ‘माध्यमे’, ‘इतर’. ही नावे सूची करणाऱ्याच्या सोयीची आहेत. वाचकाच्या मनात यांपैकी एकही प्रश्न नसतो. पार्से गावातून मुंबईस गेलेल्या कुटुंबातील एखादी व्यक्ती हे पान उघडील ती जत्रा कोणत्या तिथीला आहे हे पाहण्यासाठी, किंवा आजोबा ज्या शाळेत शिकले तिचा जुना अंक पाहण्यासाठी. कोणा संशोधकास एखादे दुर्मीळ पुस्तक या संग्रहात आहे काय, एवढेच हवे असेल. गावातल्या विद्यार्थ्याला वाचनालय किती वाजता उघडते हे हवे असेल. ‘उपक्रम’ या शब्दाखाली यांतील काय सापडेल, हे उपक्रम करणाऱ्यालाच ठाऊक. आणि ‘इतर’ हा शब्द तर सूचिकाराने हात टेकल्याची कबुलीच होय. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले त्यांतील चौथा वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. मार्गसूचीच्या शास्त्राचा आरंभ व शेवट त्या एका नियमात आहे असे म्हणावयास हरकत नाही.

नावे ठरविण्याची एक साधी रीत आहे, आणि शिक्षकांना ती विशेष उपयोगी पडेल. संकेतस्थळावर जे जे येणार आहे त्यातील प्रत्येक गोष्ट एकेका कागदाच्या चिठ्ठीवर लिहावी. पन्नाससाठ चिठ्ठ्या सहज होतील. त्या तीनचार निरनिराळ्या माणसांच्या हाती द्याव्यात. एखादा विद्यार्थी, एखादी गृहिणी, गावातील एखादे वृद्ध गृहस्थ. ज्या गोष्टी एकत्र असाव्यात असे वाटते त्यांचे गट करावयास सांगावे, आणि मग प्रत्येक गटाला त्यांच्याच तोंडून नाव घ्यावे. या वेळी सूचिकाराने शेजारी बसावे पण बोलू नये. सर्वांच्या गटांत जे समान आढळेल तो सूचीचा पाया. जेथे मतभेद होतील तेथे ती गोष्ट दोन ठिकाणांहून जोडावी. संकेतस्थळ हे काही लाकडी कपाट नव्हे, एकाच पुस्तकाला दोन खणांत ठेवण्याची मुभा येथे आहे.

अशा रीतीने पार्से गावाच्या कल्पित संकेतस्थळासाठी पुढील सूची निघेल असे वाटते : मुखपृष्ठ, गाव, ग्रंथसंग्रह, शाळा, सण आणि कला, जुने कागद, संपर्क. सात नावे. यापेक्षा अधिक नावे एका ओळीत मावत नाहीत, आणि मावली तरी डोळा ती वाचत नाही, नुसता त्यांवरून सरकतो. ‘संपर्क’ शेवटी हा आता रूढ संकेत आहे. वाचक तो तेथेच शोधतो, म्हणून तेथेच ठेवावा. बाकीच्यांचा क्रम अकारविल्हे लावण्याचा मोह मात्र टाळावा. शंभर नावांची सूची वर्णक्रमाने लावावी. सात नावांची सूची वाचकाच्या गरजेच्या क्रमाने लावावी.

वर्णक्रमाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ‘ग्रंथसंग्रह’ या पानावर शेकडो नावांची यादी येणार आणि ती संगणकाकडून लावून घ्यावी असे कोणालाही वाटेल. युनिकोड या सर्वमान्य सांकेतिक पद्धतीत ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी बसविलेले आहे. आपल्या वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. त्यामुळे केवळ संकेतांकांवरून यादी लावली तर ‘कळस’ आधी व ‘कवडी’ नंतर, असा कोशाच्या उलट क्रम लागतो. ‘क्ष’ हे तर संगणकाच्या लेखी जोडाक्षर असल्याने ‘क’च्या घरात जाते, आणि अनेक मराठी कोश त्याला शेवटी स्वतंत्र स्थान देतात. यादी लावणाऱ्या साधनास मराठीचा क्रम पाळावयास सांगता येते. पण तसे सांगावे लागते, हे ध्यानात ठेवावे.

शब्दांच्या निवडीकडे परत येऊ. मार्गसूचीतील शब्द वाचकाच्या बोलण्यातला असावा, आणि तो खोटा जड नसावा. या बाबतीत मराठी विकिपीडियाचे उदाहरण उद्बोधक आहे. २००३ साली सुरू झालेल्या या ज्ञानकोशात नव्या लेखकाने सराव करावयाच्या पानाला ‘धूळपाटी’ व चर्चेच्या स्थानाला ‘चावडी’ ही नावे दिली गेली. ज्या पाटीवर धूळ पसरून मुले एके काळी अक्षरे गिरवीत, ती पाटी येथे पुन्हा उपयोगास आली. लिहावे, पुसावे, पुन्हा लिहावे, हा सारा अर्थ एका शब्दात आला. इंग्रजी शब्दाचे भाषांतर करीत बसले असते तर ‘वाळूची पेटी’ हाती लागली असती आणि कोणाला काहीच कळले नसते. उलट, त्याच ठिकाणी वाटेल तो लेख समोर आणणाऱ्या दुव्याला ‘अविशिष्ट लेख’ म्हटले गेले. तो शब्द चूक नाही, पण तो वाचून बोट पुढे होत नाही. आमच्या मते ‘छायाचित्रे’ हे ‘दालन’ किंवा ‘गॅलरी’ यांपेक्षा चांगले, ‘जुने कागद’ हे ‘अभिलेखागार’पेक्षा चांगले, आणि ‘संपर्क’ हे ‘आमच्याशी जोडा’पेक्षा शतपट चांगले.

गोव्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोंकणी ही राजभाषा झाली आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. इंग्रजी व्यवहारात आहेच. त्यामुळे गावाचे संकेतस्थळ दोन वा तीन भाषांत असावे अशी मागणी येणार. तेव्हा भाषाबदलाचा दुवा मार्गसूचीत कसा लिहावा? प्रत्येक भाषेचे नाव त्या भाषेतच आणि तिच्या लिपीत लिहावे, कारण तो दुवा ज्याला ही भाषा येत नाही त्याच्यासाठीच असतो. राष्ट्रध्वजांची चित्रे लावण्याची एक परदेशी चाल आहे. मराठी व कोंकणी यांच्या बाबतीत ती किती हास्यास्पद ठरेल हे सांगावयास नको. शिवाय वाचक ज्या पानावर आहे त्याच पानाच्या दुसऱ्या भाषेतील आवृत्तीवर तो जावा, मुखपृष्ठावर फेकला जाऊ नये.

गावांच्या नावांचाही असाच पेच आहे. मराठीत आपण ‘पार्से’, ‘पेडणे’ लिहितो. कोंकणीत शेवटी अनुस्वार येतो. आणि पोर्तुगीज अमदानीतील रोमन लेखनात तो अनुनासिक उच्चार दाखविण्यासाठी शेवटी ‘एम’ हे अक्षर आले, ते शासकीय कागदांत अजून टिकून आहे. सूचीत दिसणारे नाव त्या त्या भाषेच्या रीतीने लिहावे. परंतु पानाच्या धारिकेचे, म्हणजे फाईलचे, नाव एकच आणि कायमचे ठरवावे. ते देवनागरीत ठेवता येते. २०१४ पासून ‘.भारत’ हा देवनागरी पत्तासुद्धा मिळू शकतो. तथापि एक व्यावहारिक अडचण आहे. ‘पार्से’ या शब्दात युनिकोडची सहा चिन्हे आहेत. प्रत्येकाला तीन बाइट लागतात. आणि असा पत्ता पत्रात अथवा संदेशात चिकटविला की पुष्कळदा प्रत्येक बाइटच्या जागी टक्क्याची खूण व दोन अक्षरे अशी तीन चिन्हे उमटतात. म्हणजे सहा चिन्हांच्या शब्दाची चौपन्न चिन्हांची अगम्य माळ होते. यास्तव धारिकांची नावे रोमन लहान लिपीत, छोटी व बिनमोकळ्या जागेची ठेवावीत, हेच आज श्रेयस्कर. ‘लहान लिपीत’ यावर भर देण्याचे कारण असे की घरच्या विंडोज संगणकाला मोठ्या व लहान रोमन अक्षरांतला भेद कळत नाही, पण संकेतस्थळे ज्या दूरस्थ संगणकांवर ठेवली जातात त्यांतील बहुतेकांना तो कळतो. घरी सुरळीत चालणारा दुवा तेथे चढविताच तुटतो, आणि करणारा बुचकळ्यात पडतो.

आता प्रत्यक्ष रचना. संकेतस्थळाची पाने एचटीएमएल नावाच्या खुणांच्या भाषेत लिहितात. मजकुराच्या आधी आरंभाची व नंतर समाप्तीची खूण करावयाची, एवढेच तिचे व्याकरण. मार्गसूचीसाठी ‘नॅव्ह’ ही स्वतंत्र खूण आहे. २०१४ साली मान्य झालेल्या पाचव्या आवृत्तीत ती अधिकृत झाली. तिच्या पोटात ‘यूएल’ ही यादीची खूण, तिच्या पोटात प्रत्येक नावासाठी ‘एलआय’ ही घटकाची खूण, आणि तिच्या पोटात ‘ए’ ही दुव्याची खूण. नुसते दुवे एकापुढे एक मांडले तरी डोळ्यांना तसेच दिसेल. मग यादीचा खटाटोप कशासाठी? ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी. अंध वाचकांना पान वाचून दाखविणारे साधन या खुणांवरूनच ‘मार्गसूची, सात घटक’ अशा अर्थाची सूचना देते, आणि नको असेल तर ती ओलांडून जाऊ देते. पानाच्या सर्वांत वरच्या खुणेत भाषा मराठी असल्याचे ‘एमआर’ या दोन अक्षरांनी नोंदवावे. अन्यथा ते साधन मराठी मजकूर भलत्याच उच्चारांनी वाचण्याचा संभव असतो. वाचक ज्या पानावर आहे त्या पानाच्या दुव्यावर ‘एरिया-करंट’ हा गुण लावावा आणि तो दुवा ठळक वा अधोरेखित दाखवावा. नुसता रंग बदलून भागत नाही. रंगांतील भेद सर्वांनाच दिसतो असे नाही.

दुव्यात पत्ता दोन प्रकारे लिहिता येतो. एक संपूर्ण, घरक्रमांकापासून गावापर्यंत. दुसरा सापेक्ष, म्हणजे ‘शेजारच्या खोलीत’ अशा थाटाचा. आपल्या कामाला सापेक्ष पत्ताच योग्य. कारण पुढे संकेतस्थळाचे नाव बदलले, किंवा सारे संकेतस्थळ पेनड्राइव्हवर घालून इंटरनेट नसलेल्या वर्गात उघडले, तरी सापेक्ष दुवे तुटत नाहीत. मात्र पान एखाद्या आतल्या कप्प्यात असेल, उदाहरणार्थ ‘जुने कागद’ या कप्प्यात, तर तेथून बाहेर येण्यासाठी पत्त्याच्या आधी दोन टिंबे व एक तिरकी रेघ द्यावी लागते. म्हणजे त्या पानावरील मार्गसूची मुखपृष्ठावरील मार्गसूचीहून किंचित वेगळी लिहावी लागते. नवशिक्याची सर्वाधिक फजिती येथे होते. यावर उपाय असा : पाने चाळीसपन्नासच असतील तर कप्पे करूच नयेत, सर्व पाने एकाच ठिकाणी ठेवावीत.

येथवर आलो म्हणजे स्थिर संकेतस्थळाचा खरा काच ध्यानात येतो. प्रत्येक पान स्वयंपूर्ण असल्याने मार्गसूची प्रत्येक पानावर पुन्हा लिहिलेली असते. चाळीस पाने झाली आणि ‘दशावतार’ असे नवे नाव सूचीत घालावेसे वाटले, तर चाळीस ठिकाणी दुरुस्ती आली. पस्तीस ठिकाणी होते, पाच ठिकाणी राहते. मग एका पानावर सात नावे, दुसऱ्यावर आठ, असा प्रकार दिसू लागतो आणि वाचकाचा विश्वास उडतो.

यावर निरनिराळ्या काळी निरनिराळे तोडगे निघाले. १९९७ च्या चौथ्या आवृत्तीत पानाची चौकट दुभंगून एका भागात सूची कायम ठेवण्याची सोय होती. पण वाचकाला आतल्या पानाचा पत्ता जपून ठेवता येईना की दुसऱ्याला कळविता येईना, आणि पाचव्या आवृत्तीने ती सोय मोडीत काढली. दुसरा तोडगा जावास्क्रिप्टचा : सूची एका स्वतंत्र धारिकेत ठेवावयाची आणि पान उघडताना वाचकाच्या यंत्राने ती आत आणावयाची. हा चालतो, परंतु ती धारिका वाटेत अडली तर पानावर मार्गसूचीच नसते, आणि दुबळ्या जोडणीच्या भागात असे होते. तिसरा तोडगा अधिक चांगला. २००८ सालचे जेकिल, २०१३ सालचे ह्यूगो यांसारखी साधने सूचीचा साचा एकदाच लिहून घेतात व सर्व पाने त्यातून पाडून देतात; अंतिम पाने पूर्वीसारखीच स्थिर राहतात. मुद्रणालयात एकदा जुळविलेल्या खिळ्यांवरून हव्या तितक्या प्रती निघाव्यात, तसे हे आहे. मात्र हे साधन शिकणारा माणूस गावात हवा, आणि तो गेल्यावर शिकविलेला दुसरा हवा.

आमचे मत असे की पार्शासारख्या ठिकाणी आरंभ हातानेच करावा. प्रत्येक पानावर सूचीच्या आधी व नंतर ‘मार्गसूची आरंभ’, ‘मार्गसूची समाप्त’ अशा न दिसणाऱ्या टीपा लिहून ठेवाव्यात. सर्व पाने एका कप्प्यात असतील तर त्या दोन टीपांमधला मजकूर साध्या लेखनसाधनाच्या ‘शोधा व बदला’ या सोयीने सर्व पानांत एकदम बदलता येतो. चालू पानाची खूण तेवढी मग पानागणिक पुन्हा लावावी लागते. परंतु याहूनही महत्त्वाचे हे की मार्गसूची मुळातच अशी करावी की तिला वारंवार हात लावावा लागू नये. मार्गसूचीतील नाव म्हणजे ग्रंथालयातील वर्ग. ते पुस्तक नव्हे. नवे पुस्तक आले म्हणून कोणी वर्गीकरण बदलत नाही. दशावताराची पाने वाढली तर ती ‘सण आणि कला’ या पानावरील यादीत जोडावीत; त्या एकाच पानात बदल होईल. आणि ‘सर्व पाने’ असे एक पान करून त्याचा दुवा प्रत्येक पानाच्या तळाशी द्यावा. सूचीतून ज्याला मार्ग सापडला नाही त्याच्यासाठी ती शेवटची निर्देशसूची.

राहता राहिले रूप. येथे देवनागरीचे काही हट्ट आहेत आणि रोमन लिपीसाठी केलेले आयते साचे ते पुरवीत नाहीत. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा व रफार, खाली उकार व रुकार असतात. सूचीच्या पट्टीची उंची मोजून बांधली तर ‘मुखपृष्ठ’ या शब्दातील उकार व रुकार कापले जातात. म्हणून उंची न बांधता ओळीतील अंतर सढळ ठेवावे. अक्षरांमध्ये जागा सोडण्याची शोभा रोमनमध्ये खपते. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. फार ठळक केल्यास जोडाक्षरे बुजतात. भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर सात नावे एका ओळीत येणार नाहीत. ती दोन ओळींत उतरू द्यावीत, अथवा ‘डीटेल्स’ व ‘समरी’ या खुणांच्या साहाय्याने ‘सूची’ या एका शब्दाखाली मिटवावीत. तीन आडव्या रेघांचे चिन्ह पुरेसे आहे असे समजणारे पुष्कळ आहेत. वयस्क वाचकांना त्याचा अर्थ लागतोच असे नाही, तेव्हा शेजारी शब्द असू द्यावा. दर्शक वर नेताच खाली ओघळणाऱ्या सूची तर करूच नयेत. बोटाने चालवावयाच्या यंत्रावर ‘वर नेणे’ ही क्रियाच नसते.

संकेतस्थळ प्रसिद्ध करण्यापूर्वी ते गावातील अशा एका माणसाच्या हाती द्यावे की ज्याने ते आधी पाहिलेले नाही. त्याला तीन प्रश्न घालावेत : वाचनालय रविवारी उघडे असते काय? शाळेचा सर्वांत जुना अंक कोणता? हे पान कोंकणीत आहे काय? तो कोठे थबकतो, कोणत्या नावावर आधी बोट ठेवतो आणि कोठून परत येतो, ते कागदावर टिपून घ्यावे. पाच माणसांनंतर त्याच त्या अडचणी पुन्हा दिसू लागतात. तेव्हा थांबावे आणि नावे दुरुस्त करावीत. हे काम पाने दहाबारा असतानाच उरकावे.